वळणावरची खुर्ची

आमच्या नेब्रास्कातल्या कॉलेजातून यंदा कुठला खेळाडू दुसरीकडे जाणार, हे मार्लिस ओबर्डिंगला प्रशिक्षकांच्या आधी कळतं. एकतीस वर्षं ती खेळाडूंचे कपडे धुते आहे. जो जाणार असतो तो सरावाचा शर्ट धुवायला टाकायचं बंद करतो आणि आठवण म्हणून गुपचूप घरी नेतो. मग तो दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांच्या यादीत नाव घालतो, आणि मार्लिस केस वाळवायच्या यंत्राने त्याच्या कपाटावर चिकटवलेली नावाची पट्टी सैल करून काढते. "गेलं आणखी एक पाखरू," म्हणते. पट्टी थेट कचऱ्यात.

मी तिच्यापासून दोन दारं सोडून कागदपत्रांच्या खिडकीवर बसते. पदवी हातात पडलेली, पण खेळायचा एक हंगाम शिल्लक राहिलेला, अशी मुलं माझ्याकडे येतात. खेळायचं तर कुठेतरी शिकत राहावं लागतं, पण काय शिकायचं याचा बहुतेकांना पत्ता नसतो. "सगळ्यात सोपं काय आहे?" असं विचारतात. मी मनातल्या मनात त्यांना बडवते आणि अर्ज पुढे सरकवते.

केझाया टूम्झ तशी नव्हती. ती आठशे मीटर पळायची. तिची आई जन्मापासून बहिरी, म्हणून तिला बहिऱ्या मुलांना शिकवायचं होतं. टेक्सासातल्या एका मोठ्या विद्यापीठात तो अभ्यासक्रम होता आणि तिथल्या प्रशिक्षकाला ती हवी होती. संघातून पळेल तोवर फी माफ. पळणं थांबलं की शिक्षणही थांबलं.

आणि केझाया पळून झाल्यावर बेशुद्ध पडायची.

दोनदा पडली होती. दोन्ही वेळा सकाळी, एकटी सराव करताना, मैदानाच्या लांबच्या वळणावर. कपडे वाळत घालायला मागच्या दाराशी आलेल्या मार्लिसने ते पाहिलं. मिनिटभराने डोळे उघडून केझाया पहिलं काय म्हणाली, तर "कुणाला सांगू नकोस." मार्लिसच्या खोलीत जे दिसेल ते प्रशिक्षकाच्या कानावर जायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. तिने तो कधी मोडला नव्हता, आणि म्हणूनच मुलं तिच्यापाशी मन मोकळं करायची. दुसऱ्या वेळेनंतर ती रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन त्या वळणावर जाऊन बसायला लागली. नेब्रास्काच्या बोचऱ्या वाऱ्यात, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. प्रशिक्षक हसायचे. म्हातारी ऊन खाते म्हणायचे.

मे महिन्यात केझाया नव्या विद्यापीठाचा तब्येतीचा अर्ज घेऊन आली आणि मार्लिसच्या घड्या घालायच्या टेबलावर भरायला बसली. मी कागद न्यायला तिथेच उभी होते.

'पळताना किंवा पळून झाल्यावर कधी शुद्ध हरपली आहे का?' केझायाने 'नाही'वर खूण केली.

"दोनदा," मार्लिस टॉवेलावरून नजर न काढता म्हणाली.

"तू पाहिलंस म्हणून दोनदा. तू नसतीस तर एकदाही नाही."

"मी नसते तर तू तिथेच पडून राहिली असतीस, बाई."

"मार्लिस, 'हो' लिहिलं तर ते महिनोन् महिने तपासत बसतील. तोवर माझी जागा दुसरीला जाईल. मग काय करू? तुझ्याबरोबर मोजे धुवू?"

"धू की. मोज्यांनी अजून कुणाला मारलेलं नाही."

केझाया हसली. मार्लिस हसली नाही.

"इथल्या डॉक्टरला तरी दाखव."

"तिथली पदवी घेतली की दाखवते," केझाया म्हणाली, आणि तिने जाताना मार्लिसच्या गालाचा मुका घेतला.

तो कागद मीच पाठवला. खोटं आहे हे ठाऊक असून पाठवला, आणि याची मला लाज वाटते. जूनमध्ये मी त्या विद्यापीठातल्या संघाच्या डॉक्टरचा नंबर चिठ्ठीवर लिहून मार्लिसला दिला. "तू पाहिलंस, तूच सांग," म्हटलं. तिने चिठ्ठी अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. "शब्द दिलाय, आयनेझ," एवढंच म्हणाली. केझायाच्या कपाटावरची पट्टी तिने काढली, पण फेकली नाही. वर्षभर ती तिच्या इस्त्रीच्या टेबलावर चिकटलेली होती.

केझायाचे फोन यायचे. शिक्षण मस्त चाललंय, पोरं गोड आहेत, ऊन मात्र भाजून काढतंय. मार्लिस दर वेळी एकच विचारायची: "तिथे वळणावर कोण बसतं?"

"इथे वळणावर कुणी बसत नाही गं. हे मोठं मैदान आहे."

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी तिची शर्यत संगणकावर दिसणार होती. आम्ही दोघी धुलाईच्या खोलीत बसलो. यंत्रं मार्लिसने बंद केली. ती खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. केझाया सुरेख पळाली. शेवटच्या वळणावर तिने दोघींना मागे टाकलं आणि दुसरी आली. मी टाळ्या वाजवल्या.

कॅमेरा जिंकलेल्या मुलीवर गेला. ती झेंडा पांघरून हसत होती, कुणी तिला मिठी मारत होतं.

"मागे दाखव," मार्लिस म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही गं."

"अरे, मागे दाखवा की! दुसरी कुठे आहे?"

जिंकलेल्या मुलीच्या मागून पांढऱ्या शर्टातली दोन माणसं प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत गेली. मग आणखी एक गेला. कॅमेरा हलला नाही.

मार्लिसने अ‍ॅप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढली. अनेकदा धुतली जाऊन ती कापसासारखी झाली होती, पण आकडे वाचता येत होते. तिने नंबर फिरवला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"उचला," ती म्हणत होती. "उचला, मला काहीतरी सांगायचंय."

पलीकडे नुसतीच घंटी वाजत राहिली.