नागव्वा म्हणाली, कुणी आलं नाही

नागव्वाचं आडनाव काय होतं, हे चिंतामणी माढेकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. नऊ वर्षं ती त्याच इमारतीत, तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत राहत होती आणि माढेकर दुसऱ्या मजल्यावर. रोज दोनदा तरी ते तिच्या दारावरून जात. तिचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे कुठंतरी, एक धाकटी बहीण, आणि चहात साखर जरा जास्त. एवढ्यावर एखादं माणूस आपल्या ओळखीचं होतं असं म्हणता येतं का, हा प्रश्न त्यांना आता पडतो. तेव्हा कधी पडला नाही.

नागव्वा टॉवेलचे धागे कापायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, ती दारात पोतं अंथरून बसायची आणि लहानशा कात्रीनं प्रत्येक टॉवेलच्या कडेचे सुटे धागे काढायची. विणकामात कुठं चूक दिसली की तो टॉवेल बाजूला. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत तिची जागा हलत नसे. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीला यामुळे आपोआप एक वळण पडलं होतं. कुणाचंही पार्सल आलं की नागव्वाकडे. आणणाऱ्यांना जिने चढायला नको आणि घेणाऱ्यांना घरात थांबायला नको. तिला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून नाव आणणाऱ्यानं सांगायचं आणि तिनं टॉवेलच्या रंगीत धाग्यानं पार्सलाला गाठ मारायची. पहिल्या मजल्याला हिरवा, तिसऱ्याला तांबडा. माढेकरांचा निळा.

"भाऊसाहेब, तुमचं आलंय. हलकं हाय. कानाच्या मशिनीचं असंल," असं म्हणत ती दिवेलागणीनंतर वर येऊन त्यांच्या उघड्या दारातून पार्सल आत ठेवून जायची. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा.

भाऊसाहेब म्हणायची ते माढेकरांच्या जुन्या नोकरीवरून. भूमी अभिलेख कार्यालयात ते तीस वर्षं नकलाच करत होते. नक्कल तयार झाली की तिची रुजवात घ्यायची, म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहायचा. माढेकरांचं बोट कधी चुकलं नाही. पण पन्नाशीनंतर कान गेले, वाचणाऱ्याचे आकडे नीट ऐकू येईनात, आणि साहेबांनी त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. कुणी बोललं नाही काही. तरी कुठं काही बिनसलं की ते आपल्याच ऐकण्यात चुकलं असणार, ही समजूत तेव्हापासून त्यांच्या अंगात मुरली ती मुरलीच.

फोनवर त्यांना काही म्हणता काही उमगत नसे. म्हणून त्यांचं सगळं जग ईमेलमध्ये होतं. पुण्याचा मुलगा सुबोध, माळशिरसचा एक जुना सहकारी, कानाचे डॉक्टर, विजेचं बिल, आणि कानातल्या यंत्राचे सेल, जे सोलापुरात शोधत हिंडण्यापेक्षा एका मोठ्या खरेदीच्या साइटवरून मागवलेले बरे पडत. गेल्या वर्षी मात्र त्यांनी 'तुमचे बक्षिसाचे पॉइंट संपत आहेत' अशा एका मेलवर बोट ठेवून कार्डाचा नंबर दिला होता. बँकेनं वेळीच कार्ड बंद केलं, नुकसान झालं नाही. पण सुबोध पुण्याहून धावत आला आणि जाताना कागदावर लिहून देऊन गेला, कारण त्याला खात्री हवी होती की बाबांना कळलंय: 'पुन्हा असं झालं तर मेल बंद. जे हवं ते मी इथून पाठवीन.' माढेकरांनी तो कागद कपाटात ठेवला. मेल बंद म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला काळजी होती. पण माढेकरांना मात्र बोलायला दुसरं दार नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मेल आली. वरती त्याच साइटचं चित्र, तेच रंग. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा: आज अकरा वीसला आमचा माणूस आपल्या दारी आला होता. बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. पार्सल चोवीस तासांत परत जाईल. थांबवायचं असेल तर खालच्या निळ्या चौकटीत बोट ठेवून पत्ता पक्का करा आणि कार्डावरून पंचवीस रुपये भरा.

माढेकरांनी सेल मागवले होतेच. कानातली शेवटची जोडी दोन दिवसांपासून कुरकुरत होती. त्यामुळे मेल खोटी असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. मनात आलं ते एवढंच की बेल वाजली आणि आपल्याला ऐकू आली नाही. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. चष्मा पुसला. मग वाटलं, नागव्वा खाली असताना हा माणूस वर कशाला आला? की ती आज उठून गेली होती? बरं नाही की काय तिला? कार्ड हातात तसंच धरून ते जिना उतरले.

नागव्वा जागेवरच होती.

"तुम्ही मघाशी कुठे गेला होता का?" त्यांनी विचारलं.

"मी कुटं जातीय? का वो?"

"पार्सलवाला येऊन गेला म्हणे. अकरा वीसला."

"यारू बंदिल्ल," ती कात्री न थांबवता कानडीत म्हणाली, आणि मग ते नुसतेच बघतायत हे पाहून मान वर करून मोठ्यानं, "कुनी आलं न्हाय!"

"अहो, लिहिलंय तसं. बेल वाजवली म्हणतात."

आता कात्री थांबली. "कुनाची बेल?"

"माझी."

"तुमची बेल?" नागव्वा हसायलाच लागली. हसता हसता तिनं टॉवेल तोंडाला लावला. "भाऊसाहेब, तुमची बेल बिघडून दोन म्हैने झाले की!"

माढेकर कठड्याला धरून उभे राहिले.

"त्यो शिवराज न्हाय का, तुमच्या त्या दुकानाचं आनतोय त्यो? नवा हुता, वर गेला, दाबून दाबून कटाळला बिचारा. तवापासनं वर जातच न्हाय, माझ्या म्होरं ठिवतो न् जातो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुमी म्हनला असता बेल चांगली हाय, माझाच कान गेलाय. आन बसला असता तोंड पाडून."

हे अगदी खरं होतं. दोन महिने नागव्वा आपल्या बिघडलेल्या बेलवर पांघरूण घालून होती, याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट डोक्यात एकामागून एक प्रश्न उभे राहिले. मग ही मेल कुणी लिहिली? मी सेल मागवलेत हे त्याला कसं कळलं?

शेवटचा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला. नागव्वानं पोत्यावरचे धागे सारून त्यांना पायरीवर बसायला जागा केली.

"त्याला कशाला कळतंय? समद्यांस्नीच लिवत असंल. कुनाचं ना कुनाचं काय तर यायचंच असतंय की." मग म्हणाली, "मी ल्हान होते तवा आमच्या गावात असाच एक आलता. दारात हुभा राहून म्हनायचा, तुमच्या मामानं धाडलंय, घागर मागितलीया, लगीन हाय. मामा कुनाला नसतोय? चार घरांनी दिल्या काढून. आमच्या दारात आला तर माझी आई म्हनली, कुठल्या मामानं? आमाला तीन हायेत. नाव सांग."

"मग?"

"मग काय, पळाला." तिनं कात्री पुन्हा उचलली. "तुमचं नाव लिवलंय का त्यात?"

माढेकरांनी फोन काढून पाहिलं. नाव नव्हतं. नुसतं 'प्रिय ग्राहक'.

"हं. मग इचारा त्याला, कुठल्या मामानं!"

आता ते दोघंही हसले. आणि माढेकरांना पुष्कळ वर्षांनी तो जुना हुरूप आला. मूळ आणि नक्कल समोर आहेत, तर रुजवात का घेऊ नये? साइटची मागची एक खरी मेल त्यांच्याकडे होती. त्यांनी वरून कागद आणला आणि दोन्ही मेल कुठल्या पत्त्यावरून आल्या ते मोठ्या अक्षरांत एकाखाली एक उतरवून काढलं. नागव्वाला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण आयुष्यभर टॉवेलच्या किनारी जुळवत आलेली ती बाई. तिनं कागद गुडघ्यावर घेतला, वरच्या ओळीवर एक बोट आणि खालच्या ओळीवर दुसरं.

"हितपतोर सारखं हाय. पुढं ह्याला केवढं शेपूट लागलंय बगा."

खरंच होतं. आधी दुकानाचं नाव, पण पुढं भलताच कुणाचा तरी लांबलचक पत्ता. खऱ्या मेलमध्ये ऑर्डरचा नंबर होता, यात नाही. मग माढेकरांनी मेलमधल्या निळ्या चौकटीला हात न लावता साइटचं ॲप वेगळं उघडलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं: पार्सल रवाना झालंय, गुरुवारी पोचेल. ज्या पार्सलासाठी बेल वाजवली म्हणत होते, ते अजून सोलापुरात आलंच नव्हतं.

"टाकतो पुसून," माढेकर म्हणाले. "सुटलो."

"पुसताय कशाला? कुनाला सांगायचं असतंय हे?"

"सांगायचं?"

"आमच्या आईनं त्याला नुसतं हाकललं. त्यो तितनं खालच्या गल्लीत गेला न् आनकी दोन घागरी घिऊन गेला." नागव्वा टॉवेलाची घडी घालत म्हणाली. "आई मरंपतोर म्हनायची, वरडायला पायजे हुतं."

चार जणांना सांगायचं तर सुबोधच्या कानावर जाणारच, आणि कपाटातला कागद माढेकरांना पाठ होता. पुसून टाकली तर कुणाला काही कळणार नव्हतं. हे त्यांनी नागव्वाला सांगितलं. एवढं घरातलं त्यांनी तिला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिनं फक्त विचारलं, "तुमी चुकलाय का ह्या टायमाला?"

"नाही."

"मग?"

संध्याकाळी माढेकरांनी काम हाती घेतलं. मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांखाली 'फिशिंग असल्याचे कळवा' अशी, म्हणजे बनावट मेलची तक्रार करण्याची, ओळ होती. इतकी वर्षं ती तिथंच होती आणि त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती. ती दाबली. साइटच्या मदतीच्या पानावर बनावट मेल पुढं पाठवण्याचा पत्ता होता, तिथं पाठवली. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिली, 'वरील विषयी सविनय कळविण्यात येते की' अशी सुरुवात करून. पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो, हेही तिथं वाचलं. फोन करणं त्यांना जमलं नसतं, पण पैसे गेलेले नव्हते.

इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध करण्यासाठी ते तीच मेल पाठवायला निघाले होते. बटणावर बोट गेलं आणि कार्यालयाचा नियम आठवला: मूळ कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, नक्कल द्यायची. मेल तशीच गेली तर निळी चौकटही सगळ्यांच्या हातात जाईल, कुणीतरी दाबेल. त्यांनी तिचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे खोटे आहे. माझी बेल बंद आहे.' पहिल्या मजल्यावरच्या रेश्मानं लगेच लिहिलं, तिलाही तीच आलीय, कार्ड शोधतच होती.

सुबोधला मेल लिहायला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. तीनदा लिहून खोडली. शेवटी काय झालं, कसं ओळखलं, कुठं कुठं कळवलं, एवढं लिहून पाठवून दिली आणि जेवायला बसले. ताट तसंच ठेवून पुन्हा फोन पाहिला तर उत्तर आलेलं होतं.

'बाबा, दोन महिने बेल बंद आहे आणि मला पत्ता नाही? उद्या वायरमन बोलवा. वाजते तेव्हा दिवा लागतो अशी मिळते, ती बसवा. मेल राहू दे. अशीच आली तर मला पण फोटो पाठवत जा. आणि या नागव्वा कोण?'

माढेकरांनी उत्तर लिहायला घेतलं. 'तळमजल्यावर राहतात. टॉवेलचे धागे कापतात.' इथवर लिहिलं आणि अडकले. पुढं लिहिण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, सवडीनं विचारू. कुठलं गाव, केव्हा आलात, एकट्या का.

सवड नऊ वर्षं होती, ती आणखी दीड महिना मिळाली. नागव्वा बहिणीकडे म्हणून गेली आणि परत आली नाही. बहीण अंथरुणाला खिळली, तिचं करायला कुणी नाही, आता तिकडेच राहणार, असा निरोप टॉवेलच्या कारखान्याकडून आला. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. पार्सलं आता माढेकरांकडे येतात, कारण दिवसभर घरी असणारे तेच. तसल्या मेलही येतात. लोक फोन घेऊन वर येतात आणि विचारतात, काका, ही खरी का. माढेकर म्हणतात, काही मागवलंय का, नाव लिहिलंय का, आणि मला नक्की सांगता येणार नाही, आपण ताडून पाहू.

तिच्या गावाचं नाव त्यांनी कारखान्यात जाऊन विचारलं. तिथं तिचं नाव नुसतं नागव्वा एवढंच होतं.

ती गेली त्या सकाळी ते भाजी घेऊन येत होते. ती पिशवी घेऊन दारात उभी होती, कुलूप लावत.

"निघालात?"

"व्हय. धाची यष्टी हाय. भाऊसाहेब, कारखान्याचा मानूस येईल, त्यो गठ्ठा बांधून ठिवलाय जिन्याखाली. तेवढा द्या."

"नाव काय त्याचं?"

"माउली."

"बरं. माउलीलाच देतो."

"मेथी का? कशी दिली?"

"वीसला जुडी."

"लई महाग. मंगळवारच्या बाजारात घ्यायची की."

"बरं," माढेकर म्हणाले. "मंगळवारी घेतो."