बेटावरचा तपास, भोईवाडा शाखा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आमचंही तसंच झालंय.

गेले सहा-सात महिने दर रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पाच जण भोईवाड्यात भाईकाकांच्या घरी जमतो आणि एक जुनी मालिका बघतो. नाव 'बेटावरचा तपास'. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची. अंदमानातलं एक बेट, नारळाची झाडं, घामाने पाठीला चिकटलेले शर्ट, आणि दर रविवारी एक खून. एवढ्याशा बेटावर इतके खून होऊनही माणसं शिल्लक कशी राहायची, हे कोडं मात्र त्यातल्या इन्स्पेक्टर दामोदरननाही सुटलं नाही.

कुणा पुण्यवंताने ती जुन्या कॅसेटवरून उतरवून नेटवर टाकली आणि आमची शाखा सुरू झाली. भाईकाका आणि सुमनकाकी हे आमचे जुन्या चाळीतले शेजारी. चाळ पाडून टॉवर झाला, ते पंधराव्या मजल्यावर गेले, मी नवव्या. अ‍ॅग्नेस आंटी भाईकाकांच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, दादरहून येतात. पाचवे नाना. कोर्टात कारकून होते, रिटायर झाल्यावर शिवाजी पार्कात चालता चालता भाईकाकांचे मित्र झाले.

पहिल्याच रविवारी भाईकाकांनी नियम सांगितला. "पंचवीस भाग बघूया. सव्विसावो नको."

कारण फक्त मला आणि काकींना माहीत होतं. भाईकाकांचे वडील आबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. ते जाहिराती सुरू व्हायच्या आत खुन्याचं नाव सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. सगळा मजला भाईकाकांच्या खोलीत टीव्ही बघायला यायचा तो निम्मा आबांसाठी. पण दीपगृहाच्या रखवालदाराचा खून कोणी केला, हे पहिल्या भागापासून लांबलेलं रहस्य शेवटच्या भागात कळणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी आबा हॉस्पिटलात वारले. जाण्यापूर्वी एकच शब्द बोलले, "डॉक्टर." उशाशी उभे असलेले डॉक्टर लगेच पुढे वाकले. आबा मालिकेतल्या बेटावरच्या डॉक्टरला खुनी ठरवत होते, हे फक्त भाईकाकांना कळलं.

रविवारी आबांना घरी आणलेलं होतं, टीव्हीवर चादर होती. आमच्या मजल्यावर एकाही खोलीत टीव्ही लागला नाही.

"जोपर्यंत आपण बघूक नाय," भाईकाका मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, "तोपर्यंत आबा बरोबर आसत."

*

पाचव्या भागात विहिरीत प्रेत सापडतं. कॅमेरा वरून खाली जातो आणि पाण्याच्या कडेला लुंगीतला एक माणूस उताणा पडलेला दिसतो.

"थांबवा," अ‍ॅग्नेस आंटी उठून उभ्या राहिल्या. "ही आमच्या आत्याची विहीर आहे. वसईची."

अंदमान वसईत निघालं, याचं आम्हाला फारसं दुःख झालं नाही. पण आंटी टीव्हीजवळ गेल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आणि हा मेलेला आमचा सिरिल."

सिरिल म्हणजे आंटींचा धाकटा भाऊ. दर ख्रिसमसला त्यांच्या टेबलावर बसून सॉरपोटेल खातो. आंटींनी लगेच फोन लावला. पलीकडून सिरिल इतका खूश झाला की त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. त्याने या कामाचं घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण नोकरीला दांडी मारून तो प्रेत झाला होता. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. डायरेक्टरने श्वास धरायला सांगितला होता, तर पोट हललेलं दिसतं का? तीस वर्षं त्याला ती रुखरुख होती.

आम्ही पुन्हा लावून पाहिलं. पोट हलत होतं. नुसतं हलत नव्हतं, भात्यासारखं वर-खाली होत होतं.

"अजिबात नाही रे," आंटी फोनवर म्हणाल्या. "अगदी मेलेला वाटतोस."

*

सुमनकाकींनी ही मालिका कधी बघितलीच नव्हती. खोलीत पंचवीस माणसं बसलेली असायची आणि काकी पडद्यामागे चहा करत असायच्या. त्यामुळे त्यांना सगळी मालिका ऐकून पाठ होती. कोणाचा खून कधी, दामोदरन काय बोलणार, सगळं. चेहरे मात्र आता पहिल्यांदा बघत होत्या.

पहिल्या दिवशी दामोदरन जीपमधून उतरले आणि काकींचा चेहरा पडला. "हा एवढासा? आवाजावरून मला सहा फुटी वाटायचा."

"उगाच नाही तू तेव्हा चहात साखर जास्त घालत होतीस," भाईकाका म्हणाले.

काकी लाजल्या. सत्तरीच्या बाईला लाजताना बघणं फार छान असतं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. काकी सवयीने चहा ठेवायला उठल्या की भाईकाका रिमोट घेऊन चित्र थांबवायचे. त्या परत येऊन बसेपर्यंत दामोदरन तोंड उघडं टाकून तसेच उभे. एकदा ऐन पाठलागात त्यांनी थांबवलं, तेव्हा मी कुरकुरले.

"त्यावेळी थांबवता येत नव्हतं गो," भाईकाका म्हणाले. "आता येतं."

त्यानंतर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतही आम्ही थांबलोय.

*

नानांबद्दल आमचा अंदाज साफ चुकला. आम्हाला वाटलं होतं, आयुष्यभर कोर्टात काढलेला माणूस, दर दोन मिनिटांनी कायदा सांगून डोकं खाणार. नानांनी चकार शब्द काढला नाही. भाईकाकांनी कधी विचारलंच तर म्हणायचे, "कोर्ट तिकडेच ठेवून आलोय."

एका भागात आरोपीची आई डबा घेऊन चौकीबाहेर उभी असते आणि तिला आत सोडत नाहीत. साधाच प्रसंग. नानांनी खिशातून रुमाल काढला आणि तो भाग संपेपर्यंत परत ठेवला नाही.

"नाना, तुम्ही तर हे रोज बघत होता," मी म्हटलं.

"बघत होतो," नाना म्हणाले. "पण तेव्हा लिहून घ्यायचं असायचं."

*

आता भाईकाकांच्या फजितीचा किस्सा. ते सातव्या भागाचं नाव काढू देत नाहीत, म्हणून इथे सांगून टाकते.

त्यात एका कोळणीवर संशय असतो. ती सांगते की खून झाला तेव्हा मी पहाटे होडीवर होते, हे बघा आत्ताच आणलेले बांगडे. दामोदरन टोपलीत डोकावतात, मान डोलावतात आणि तिला सोडून देतात.

भाईकाकांनी चित्र थांबवलं. उठून टीव्हीच्या काचेला नाक लावलं. "ह्यो बांगडो आजचो न्हय. डोळे बघा, आत गेलेत. ही बाई खोटा बोलता."

आम्ही सगळे उठलो. काकींनी कल्ले बघितले, आंटींनी पोट बघितलं, मी रंग बघितला. बांगडा निदान दोन दिवसांचा होता, यावर मालवण आणि वसई यांचं प्रथमच एकमत झालं. कोळीण खुनी, प्रश्न मिटला. जाहिरातीच्या आत खुनी सांगितला म्हणून भाईकाका खुर्चीत आबांसारखे मांडी घालून बसले.

खुनी निघाला पोस्टमास्तर. शूटिंगवाल्यांनी शिळे बांगडे आणले होते, एवढीच कोळणीची चूक.

भाईकाका दोन दिवस धुमसत होते. "मासळीच शिळी आणल्यानी, तर माणसान तपास कसो करूचो?"

*

पंचविसावा भाग संपला तेव्हा कोणीच उठलं नाही. भाईकाकांनी रिमोट हातात तसाच धरला होता. त्यांनी नाना आणि आंटींना आबांचा तो शेवटचा शब्द सांगितला. मग म्हणाले, "ह्या वर्षी माझं वय आबांएवढं झालं. पुढच्या रविवारी बघूया. वर गेल्यावर आबांनी विचारलं तर काय सांगू?"

आता माझी चोरी कबूल करते. आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला चाळीतून माटुंग्याला मावशीकडे पाठवलं होतं. मी अकरा वर्षांची होते. मावशीकडे टीव्ही चालू होता आणि मी बघितलं. खुनी लाँच चालवणारा तांडेल होता. आबा चुकले होते. मी हे तीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही, भाईकाकांना तर नाहीच.

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. शनिवारी आंटींना फोन केला, तर त्या आधीच म्हणाल्या, "मलाही माहीत आहे गं. शेवटचा तेवढा भाग मी घरी बघितला होता. काय करायचं?" नेट बंद पाडायचं, मला ताप आणायचा, सगळं बोलून झालं. शेवटी ठरलं की काहीच करायचं नाही. त्यांना बघायचंय, तर आपण शेजारी बसायचं.

रविवारी भाईकाकांनी धुतलेला सदरा घातला होता. काकींनी चहा आधीच करून थर्मासमध्ये ठेवला. पाऊण तास भाईकाका प्रत्येक वेळी डॉक्टर दिसला की पुढे सरकत होते. मग बेटावर संध्याकाळ झाली, समुद्र लाल झाला, तांडेल धक्क्यावर दामोदरनशेजारी बसला आणि म्हणाला की रखवालदाराला मीच मारलं. दामोदरननी त्याला बेड्या घातल्या. नावं वर सरकायला लागली.

भाईकाका टीव्हीकडेच बघत होते. नावं संपली, पडदा काळा झाला, तरी बघत होते. काकींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी आंटींकडे बघितलं नाही, मला रडू आलं असतं.

नानांनी घसा खाकरला. "हे टिकणार नाही," ते म्हणाले.

भाईकाकांनी मान वळवली. "काय?"

"कबुली पोलिसापुढे दिलीय. कोर्ट ती मानत नाही. हत्यार सापडलेलं नाही, बघणारा साक्षीदार नाही. तांडेल सुटणार."

"मग?"

"मग काय. तपास पहिल्यापासून."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरला अजून कोणी नीट विचारलेलंच नाही," नाना म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांचा हा पहिला कायदा.

भाईकाका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि भिंतीवरच्या आबांच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मिलमधल्या खडखडाटाने आबांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्याशी जसं बोलायचे तसं मोठ्याने म्हणाले, "आबानू, केस चालू आसा."