करून राह्यलो

रामटेक्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पांढरकवड्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, एका खोक्यावर बसलेलं. समोर मॅनेजर देशमुख हात चोळत उभे होते. जिनिंगचं दार आतल्या बाजूला उघडायचं. आग लागली तर आतल्या बायका दारावरच कोंबल्या जातील, म्हणून ते बाहेर उघडणारं करा, असं रामटेक्यांनी मागच्या फेरीला सांगितलं होतं. दार होतं तसंच होतं. देशमुख म्हणाले, "करून राह्यलो न साहेब." त्यावर रामटेक्यांनी रिकामा खोका ओढला आणि त्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "करा मंग. मी बसून राह्यलो."

सुतार आला, बिजागऱ्या फिरल्या, दार बाहेर उघडलं, तेव्हाच ते उठले. त्यांच्यासाठी मागवलेल्या चहावर तोवर साय धरली होती.

आमच्या शेठच्या तीन जिनिंग होत्या. एक यवतमाळला लोहाऱ्याच्या रस्त्यावर, दुसरी पांढरकवड्याला, तिसरी मुकुटबनला. एका उन्हाळ्यात यवतमाळच्या गोदामाला आग लागली, कापूस गेला, आणि शेठना एकाएकी सुरक्षिततेची आठवण झाली. रामटेक्यांना त्यांनी तिन्हीकडच्या देखरेखीवर नेमलं. मी सरकी काढलेली रुई पारखायचो. दोघांची फिरती सारखीच, तेव्हा पुढच्या फेरीपासून शेठनी एकाच जीपमध्ये बसवून पेट्रोल वाचवलं. माझं काम मालाचं आणि त्यांचं माणसांचं, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मी धरून चाललो होतो.

रामटेके छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते. काही मॅनेजरांना त्यांच्याकडून ऐकून घेणं जड जाई. 'साहेब' म्हणताना त्यांचा घसा हटकून खवखवायचा. मला राग येई, पण रामटेके हसून सोडून देत. एकदा जीपमध्ये म्हणाले, "मले मान नाई दिला तरी चालते. दाराले कडी द्या म्हनाव."

त्यांचं वैर होतं ते फक्त 'करून राह्यलो' या एका उत्तराशी. तिन्ही ठिकाणी काहीही विचारा, शिडीची पायरी, दिव्याची तार, पाण्याचा हौद, उत्तर एकच. रामटेके म्हणत, "'करून राह्यलो' म्हंजे काम राह्यलं." म्हणून ते कुठेही पोचले की आधी मागच्या फेरीचं काम पाहायचे. स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय ते झालं असं धरायचे नाहीत. नवं काही त्यानंतर.

मॅनेजर मंडळीही काही कमी नव्हती. आगीसाठी वाळूच्या बादल्या टांगा, असं तिन्हीकडे सांगितलं होतं. पांढरकवड्याला बादल्या पाहून आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी मुकुटबनलाही बादल्या टांगलेल्या, लालभडक. रामटेक्यांनी एक फिरवली, तर मागे ठळक अक्षरात पांढरकवडा लिहिलेलं. आमच्या आधी ट्रकनं निघून त्या पोचल्या होत्या. रामटेके पोट धरून हसले. म्हणाले, "आपल्यापेक्षा ह्याच जास्त फिरून राह्यल्या." तिथल्या मॅनेजरला मात्र त्यांनी नव्या बादल्या येईपर्यंत जेवू दिलं नाही, आणि स्वतःही जेवले नाहीत.

पण रामटेके मला खरे कळले ते पट्ट्याच्या वेळी. पांढरकवड्याला इंजिनाचा चामडी पट्टा उघडाच फिरायचा. मागच्या हंगामात त्यात गिरजाबाई नावाच्या कामकरणीच्या जावेची बोटं गेली होती. गिरजाबाई त्याच जागी यंत्रात कापूस सोडायला बसायची. पट्टा झाकून घ्या, असं रामटेके फेरीमागून फेरी सांगत होते आणि देशमुख करून राहिले होते. त्यातच मला तिथल्या रुईत तेलाचे डाग दिसू लागले. मी भडकलो, तर रामटेक्यांनी मला पट्ट्यापाशी नेलं. तेल घालणारा सोमा हात वाचवण्यासाठी लांबूनच धार सोडत होता आणि निम्मं तेल कापसावर उडत होतं. रामटेके म्हणाले, "तुमचा डाग अन् माहा पट्टा एकच हाय, भाऊ."

आणि त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. पट्टा झाकल्याशिवाय ते सुरू होणार नाही, म्हणाले. बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली, शेतकरी ओरडू लागले. देशमुखांनी यवतमाळला ट्रंककॉल लावला. शेठचा निरोप आला, इंजिन सुरू करा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका. रामटेक्यांची मुलं शाळेत होती, घर त्या पगारावर चाललेलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते शांतपणे म्हणाले, "उद्यापासून न? आज तं मी हावो."

देशमुखांनी बायकांना कामावर बसायला फर्मावलं. गिरजाबाई जागची हलली नाही, म्हणून दुसरं कोणी हललं नाही. पहिल्या बंडीचा मालक, जवळच्या तांड्यावरचा एक बंजारा शेतकरी, काय भानगड आहे ते पाहायला आत आला. गिरजाबाईनं त्याला जावेचं सांगितलं. तो बाहेर गेला आणि बंडीच्या फळ्या काढून घेऊन आला. त्याचं पाहून आणखी काहींनी आणल्या. दिवस मावळायच्या आत सुतारानं पट्ट्याभोवती भक्कम पेटी उभी केली, सोमाला जवळून तेल घालता यावं म्हणून वर झाकण ठेवलं, आणि इंजिन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी शेठ तणतणत आले. मी त्यांच्या हातात ताजी रुई ठेवली. त्यांनी ती पिंजली, उजेडात धरली, एकही डाग सापडला नाही. शेठ पक्के व्यापारी. बाकी दोन जिनांचे पट्टे कधी झाकता, एवढंच त्यांनी रामटेक्यांना विचारलं.

पुढे रामटेक्यांना नागपूरच्या एका गिरणीत चांगली जागा मिळाली. शेवटची फेरी करून ते पांढरकवड्याहूनच नागपूरच्या गाडीत बसले. मी निरोपाला होतो. जिनातल्या बायका येऊन गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि कंडक्टरला दार लावता येईना. तो वैतागून गिरजाबाईला म्हणाला, "कोन लागते व माय हे तुमचे?"

"लागत कोनी नाई, दादा," गिरजाबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात त्याच्यासमोर पसरले. तिचं पाहून बाकीच्यांनीही पसरले. "हे बोटं पाहून घे. समदे हायेत."