साहेबाची पाळी

१२ फेब्रुवारी १९५४, रुपये ३७ आणि ८ आणे. तीन दिवसांच्या दुभाषेगिरीचा एवढा मेहनताना ठरला, तेव्हा बारामतीच्या एका सोसायटीतले कारकून दत्तोबा खलाटे खूश होते. तिसऱ्या दिवशी कोऱ्हाळ्याच्या चावडीत त्यांना कळून चुकले, की दुप्पट दिले तरी हा उद्योग परवडायचा नाही.

अमेरिकेतून आलेल्या पीटरसन साहेबांचे मत असे, की पाटाचे पाणी पाळीपाळीने घ्यायची पद्धत मोडावी आणि ज्याने त्याने हवे तेव्हा घ्यावे. ते तासभर बोलत, दत्तोबा घसा कोरडा होईतो सांगत आणि गावकरी म्हणत, "सायेब म्हंत्यात ते बराबर हाय." साहेब लिहून घेत : गाव राजी. अहवाल त्याच संध्याकाळी पुण्याला जायचा होता. तसा गेला असता, तर पाटाच्या टोकाची शेते कोरडी पडली असती.

पाणी वाटणाऱ्या सावळाराम पाटकऱ्याला बाहेर गाठून दत्तोबा उखडले, "तात्या, पटत नाही तर बोलत का नाही?"

"पाव्हण्याला तोंडावर न्हाय म्हणायचं व्हय? अन् त्यो थांबतोय कुठं?"

"मी काय दोन्हीकडून बडवायचा ढोल आहे?"

"मग पाटावानी करा. एकाची पाळी असंल तवा दुसऱ्यानं आपल्या शेताचं दारं उघडायचं न्हाय."

साहेबांनी ते मान्य केले. तात्या मधोमध बसला आणि थोड्याच वेळात म्हणाला, "सायबाची पाळी संपली." साहेब तरी बोलतच राहिले. "दारं बंद!" चावडी हसली. साहेब लालेलाल झाले, पण थांबले. आता गावही गप्प! दत्तोबांना कपाळ बडवून घ्यावेसे वाटले.

"अहो बोला! पाळी फुकट चालली!"

हे ऐकल्यावर टोकाला शेत असलेल्या ठमाबाईला राहवेना. "इचारा त्यास्नी, वरच्यांनी हवं तवा घेतलं तर माझ्या वांग्यांना काय मिळंल? त्यांच्या गावात टोकाच्याला कोण इचारतं?"

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "टोकाला माझा भाऊ आहे. आम्ही पाण्यावरून नऊ वर्षं कोर्टात भांडतोय."

"आगं बया," ठमाबाई म्हणाली, "आन् आमाला शिकवाया आलाय?"

हे मात्र दत्तोबांनी जरा मऊ करून सांगितले. त्यानंतर अंधार पडेपर्यंत पाळ्या चालल्या. बानूबाईच्या हॉटेलातून तीनदा चहा आला. शेवटी साहेबांनी लिहिलेले खोडले : गाव राजी नाही, पुन्हा यावे लागेल.

"हे पहिल्याच दिवशी का नाही बोलले?" जीपमध्ये चढताना साहेब कुरकुरले.

"पैल्याच दिशी का न्हाय इचारलं?" त्याच वेळी मागे तात्याही कुरकुरला.

दत्तोबांनी दोहोंपैकी एकाचेही भाषांतर केले नाही.

त्या मेहनतान्यातून बानूबाईचे चहाचे चौदा आणे अजून द्यायचे आहेत.