भुसावळची विहीण आणि बाजेखालची शेगडी

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण कुठे करायचं, हा प्रश्न आमच्या दोन घरांत हवामानावरून अडला होता.

वैशालीला भुसावळला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत दोन्ही घरांना मान्य होती. पण तिचे दिवस भरत होते जानेवारीत, आणि विहीणबाईंचं म्हणणं असं, की नाशिकच्या थंडीत ओली बाळंतीण आणि तान्हं पोर टिकायचं नाही. त्यांच्या घरात स्वेटर नव्हताच. थंडी वाजली की ते लोक उन्हात उभे राहतात, आणि ऊन तिथे बारा महिने हजर! इकडे मी सातव्या महिन्यापासून डिंक, खारीक, खोबरं जमवून बसले होते. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. एवढं सगळं करून लेक आलीच नसती, तर मला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

मला विहीणबाईंना उत्तर देता आलं असतं. (मनात रोज देत होते.) वैशालीच्या साखरपुड्याला आम्ही मे महिन्यात भुसावळला गेलो होतो. पोचल्यावर मी तोंड धुवायला नळ सोडला आणि ओरडले, की कुणीतरी चुकून उकळतं पाणी सोडलंय. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “गारच आहे ते.” दुपारी मी ओला पदर डोक्यावर घेऊन कांदा हुंगत कूलरसमोर आडवी पडले होते, आणि त्यांच्याकडची माणसं अंगणात पान खात एकमेकांना सांगत होती, की आज जरा बरं आहे, वारं आहे. ते वारं मी अनुभवलं होतं. भाकरी उलटताना तव्यावरून येतं तसलं!

पण हे सगळं मनातच. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शेवटी आमचे हे शेजारच्या फोनवरून म्हणाले, “तुम्ही सोता येऊन घर बघा, आन् मग ठरवा.” विहीणबाई खरंच निघाल्या. डिसेंबर संपत आला होता.

त्यांना आणायला हे पहाटेच नाशिकरोडला गेले. रिक्षाच करा, असं मी निघताना बजावलं होतं. हे बाईंना स्कूटरवर घेऊन आले! स्टेशनपासून आमच्या मखमलाबादच्या मळ्यापर्यंत, गोदावरीच्या पुलावरून, धुक्यातून, एका अंगाला बसवून. वाटेत द्राक्षवाल्यांनी बागा वाचवायला जागोजाग धूर केला होता, तो दाखवत ह्यांनी कौतुकाने सांगितलं म्हणे, “बघा विहीणबाई, आमच्याकडं झाडांनापण शेकोटी लागते.”

आपलीच बाजू बुडवावी तर अशी!

विहीणबाई पातळ सुती साडीत होत्या. दारात स्कूटर थांबली तरी उतरेनात. उतरल्या तेव्हा ज्या आकारात बसल्या होत्या त्याच आकारात उतरल्या. मी चहा दिला, तर कपबशी अशी वाजायला लागली की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. अर्धा चहा बशीत, अर्धा साडीवर. त्यांची बोली अहिराणी, पण आमच्याशी सांभाळून बोलायच्या. त्या दिवशी सांभाळणं सुटलं.

“व माय, काय थंडी शे,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “वैशालीच्या आई, माझी सून काही इथं येत नाही. दुपारच्या गाडीने मी परत जाते.”

हे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि शेगडी पेटवली.

बाळंतिणीसाठी जी खोली मी झाडून-सारवून ठेवली होती, तिथे त्यांना नेलं. धूर जायला वरचा झरोका तेवढा ठेवून खिडक्यांना गोणपाट लावले. बाजेवर गोधडी घातली, बाजेखाली बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा टाकला आणि विहीणबाईंना बाळंतिणीसारखं बाजेवर बसवलं. कानाला फडकं बांधलं. हातात डिंकाचा लाडू दिला. थोड्या वेळाने त्यांची बोटं सुटी झाली. मग तोंडावर रंग आला. मग भूक लागली.

“आता कुठं माणसात आल्यासारखं वाटतं,” त्या म्हणाल्या. “आणखी एक शेगडी असेल तं बघा.”

मी शेजारणीची आणली. मग त्यांना वाटलं, आंघोळीचा बंबही इथेच पेटवून ठेवला तर बरं. मी तोही ओढून आत आणला. (तो ह्यांनी आणायला हवा होता. पण हे दारातून आत डोकावले, चष्म्यावर वाफ धरली, आणि गुलाबाला पाणी सोडलंय म्हणत जे गेले ते फिरकले नाहीत.)

आता खोलीत भुसावळचा मे महिना अवतरला होता. विहीणबाई बाजेवर मांडी घालून खुलल्या. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कसं झोपतात, चादरी भिजवून कशा अंगावर घेतात, पापड कसे सकाळी घातले की दुपारी खडखडीत वाळतात, सगळं रंगवून सांगायला लागल्या. मी बाजेशेजारी पाटावर बसले होते. पाहुणीला सोडून उठायचं कसं? आणि माझ्या अंगात स्वेटर होता. सकाळच्या घाईत आत घातलेला ब्लाऊज काखेत फाटलेला होता. विहिणीसमोर स्वेटर काढला असता, तर थंडीचं राहिलं बाजूला, आमच्या घरात लेकीचे हाल होतात हीच बातमी भुसावळला गेली असती!

माझ्या हनुवटीवरून थेंब पडायला लागले.

“तुम्हाला गरम तं नाही ना होत?” त्यांनी विचारलं.

“छे छे. बरं वाटतंय,” मी म्हणाले. माझा आवाज मला विहिरीतून आल्यासारखा ऐकू आला.

“मग थोडे निखारे अजून टाका.”

मी निखारे आणायला उठले. एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा बाजेवर मी होते. शेगड्या बाहेर गेल्या होत्या. विहीणबाई मला सुपाने वारा घालत होत्या आणि माझ्या नाकाशी कांदा होता. स्वेटर कुणीतरी उतरवून खुंटीला टांगला होता! (मी डोळे पुन्हा मिटून घेतले.) सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, शेतावरचा गार वारा सरळ आत येत होता, आणि त्या वाऱ्यात विहीणबाई पदर खोचून ह्यांना ओरडत होत्या, “अहो, पाणी आणा लवकर. बघता काय!” त्या गडबडीत त्यांना थंडी वाजायची राहूनच गेली.

मला रडू आलं. सगळं हातचं गेलं, असं वाटलं. लेक आता कसली येते?

विहीणबाईंनी माझे डोळे पुसले. खोलीकडे एकदा नीट बघितलं. “रडता कशाला? खोली चांगली उबदार आहे,” त्या म्हणाल्या. “सून येईल.”

मी ताडकन उठून बसले.

“पण तिला शेक द्यायला बसणार कोण? तुम्ही तं शेगडीजवळ घटकाभर टिकत नाही. मीच येते तिच्यासंगं.”

आणि आल्या! नातू झाला, गुटगुटीत. सव्वा महिना विहीणबाईंनी त्या खोलीत दोन शेगड्या विझू दिल्या नाहीत. बाळाला न्हाऊ घालणं, शेक, धुरी, सगळं त्यांच्याच हाती. मी दारात गेले की आतून आवाज यायचा, “बघून घ्या आणि बाहेर बसा, पुन्हा पडाल.” मी नातवाला लांबूनच बघायचे आणि शाल गुंडाळून ओट्यावर येऊन बसायचे.

गावातल्या बायका बाळंतविडा घेऊन आल्या, की आत विहीणबाईंना बघून गोंधळायच्या आणि बाहेर येऊन मला विचारायच्या, “काय गं, बाळंतपण माहेरी हाय का सासरी?”

“माहेरीच हाय की,” मी सांगायचे. “फक्त आईला आत घेत नाहीत.”