एकादशीची गोळी

हौसामावशींच्या कुत्र्याला मी एकदा मारायला निघालो होतो.

आज सकाळी मावशी गेल्या. म्हणून आता सांगून टाकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर, पोस्टिंग जुन्नर तालुक्यात. निमगाव सावाच्या या मावशी पिंट्याला टेम्पोत घालून दवाखान्यात आणायच्या. त्याला फिट यायच्या. घरचे चप्पल हुंगवून थकले होते.

मी फेनोबार्बिटोन सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ एक गोळी.

"भाकरीत घालूनच द्यायची," असं बजावलं.

तरी दर पंधरा दिवसांनी फिट. डोस वाढवला, फरक शून्य.

मग ब्रोमाइड. पुण्याहून खास बनवून आणलेलं पातळ औषध, तेही भाकरीवर ओतून. फिट बंद.

मी लगेच शहाणा झालो. प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत सुटलो, फेनोबार्ब बेकार, ब्रोमाइड भारी.

चार महिन्यांत पिंट्याचे मागचे पाय लुळे पडले. जागेवरून उठेना.

मी घरी गेलो. म्हटलं, "मावशी, त्या गोळीनं फिट थांबत नाही, या औषधानं पाय गेले. इंजेक्शन देऊन मोकळं करू त्याला."

मावशी पिंट्याजवळ बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"डाक्टर, आदीचीच गोळी द्या की. तिच्यावर लई चांगला व्हता. निस्ती एकादशी झाली की फिट यायची."

"एकादशीलाच का?"

"त्या दिशी गोळी नसायची ना. आमच्यात एकादशीला भाकरी व्हत नाय. तुमीच म्हनला व्हता, भाकरीतच द्यायची."

सिरिंज भरलेली होती. मी ती डब्यात ठेवली.

फेनोबार्बचा एक दिवस चुकला तरी फिट येऊ शकते. ब्रोमाइड अंगात कित्येक आठवडे रेंगाळतं, एखादा उपास खपून जातो. मी दोन औषधांची तुलना करत बसलो आणि मावशींच्या घरी रोज काय शिजतं, हे विचारलंच नाही.

ब्रोमाइड हळूहळू बंद केलं. जुनी गोळी पुन्हा सुरू. एकादशीला रताळ्यातून.

पिंट्या उठला. पुढे सात वर्षं जगला. रताळी उकडायला लागली की चुलीपाशी येऊन बसायचा म्हणे.

आणि मावशी गावभर सांगायच्या, "डाक्टरच्या हाताला गुण हाय." मी ऐकून घ्यायचो. बरं वाटायचं, लाजही वाटायची.

मावशी, चूक माझी होती. एवढ्या वर्षांत तुमच्या तोंडावर सांगायला जमलं नाही.

नमस्कार करतो. सुखानं जा.