पिवळी चरबी

इथे आखातात, नईम भागातल्या त्या खाटकाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो हैदराबादचा आहे. मांस कापण्याआधी तो जनावराची ओळख करून देतो. ही म्हैस, सावकाश शिजवा. हा दाण्यावर पोसलेला बैल, लवकर शिजेल. कापताना मात्र बोलत नाही. मी बोटानेच दाखवून घेते.

परवा मी जिथे स्वयंपाक करते तिथल्या मॅडम सोबत आल्या. गाईच्या मांसावरची पिवळी चरबी बघून त्याला म्हणाल्या, "शिळं आहे. चरबी काढ, नाहीतर मी दुसरीकडे जाते."

त्याने सुरी खाली ठेवली. "घास खाया सो गाय है, मॅडम. चरबी नै निकालता मैं. यल्ला, जाओ."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तूच सांग, शिळं आहे ना?"

त्यांच्या घरी मी कशालाही "हो मॅडम" म्हणते. त्या दिवशी म्हटलं, "नाही मॅडम. आमच्या गावी चरायला जाणाऱ्या गाईचं तूपही असंच पिवळं असायचं. म्हशीचं पांढरं. हे ताजं आहे."

त्या गाडीत जाऊन बसल्या. कामावरून काढतील अशी धास्ती वाटली. तरी त्यांच्या पाहुण्यांसाठी ठरलेलं दोन किलो मी त्याच मांसातलं मागितलं, चरबीसकट.

कापता कापता तो म्हणाला, "दीदी, मैं तुमकू गूंगी समझा था."